हवालदारांच्या गुडघ्याचा हिस्सेदार

सरकारी कामातलं मला काही कळत नाही, ही गोष्ट मुलुंडच्या आमच्या चाळीत एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस मी होतो. बाकी सगळ्यांची समजूत अगदी उलट. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत असे, खिशाला पेन असे आणि संध्याकाळी परतताना काखेत इंग्रजी पेपर असे. पेपर हापिसातला आदल्या दिवशीचा, पण घडी मी नव्यानं घातलेली. एवढ्या पुराव्यावर चाळीनं मला कायदेपंडित ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात मी एका साबणाच्या कंपनीत माल-रवानगी खात्यात होतो, आणि खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या माणसावर देखरेख करत होतो. तो रजेवर असला की मी चिकटवत होतो.

माझ्या शेजारच्या खोलीत हवालदार राहत. मालवणकडचे. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटून आले आणि भांडुपच्या एका कारखान्याच्या फाटकावर रातपाळीचे पहारेकरी म्हणून लागले. लढाईत त्यांच्या डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसला होता. तुकडा काढला, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा. त्या गुडघ्यापायी सरकार त्यांना दरमहा पेन्शन देई. पगारात नवराबायकोचं खाणंपिणं निघे आणि पेन्शनीत खोलीचं भाडं. पेन्शन गेली तर खोली गेली, खोली गेली तर मुंबई गेली, आणि मग गावाला थोरल्या भावाच्या पडवीत पथारी पसरायची. त्या भावाशी हवालदारांचं बोलणं नव्हतं.

हवालदार मला बाबू म्हणत. पलटणीत लेखणीवाल्याला बाबूच म्हणतात. त्यांची बायको मला भावजी म्हणे, मी त्यांना वहिनी. वहिनींचा माझ्या विद्वत्तेवर फारसा विश्वास नव्हता, कारण आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती आणि माझी आई मला काय काय बोलते ते त्यांना ऐकू जाई.

एके वर्षी हवालदारांना सरकारी लखोटा आला. मजकूर असा की पाय अजून अधू आहे की सुधारला, ते डॉक्टरांच्या बोर्डापुढे येऊन दाखवावं. हवालदार लखोटा घेऊन माझ्याकडे आले. आता, मला आयुष्यात एकाच प्रकारची परीक्षा ठाऊक होती, नोकरीची मुलाखत. मी पाय पसरून बसलो आणि म्हणालो, "हवालदार, पहिली छाप महत्त्वाची. साहेब लोक कपडे बघतात, उभं राहणं बघतात. मरगळलेला माणूस त्यांना चालत नाही."

हवालदारांना हे इतकं पटलं की त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

मग काय विचारता! ट्रंकेतून गणवेश निघाला. वहिनींनी भाताच्या पेजेची खळ केली. पदकं चिंचेनं घासली. बूट मी स्वतः चमकवले, इतके की त्यांत बघून मी भांग पाडून घेतला. बोर्डाच्या दिवशी हवालदार चाळीतून निघाले तेव्हा गॅलरीत माणसं उभी होती, आणि मी एक दिवसाची रजा टाकून त्यांच्या बरोबर, नवरदेवाच्या करवल्यासारखा.

लष्करी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं होती. माझ्या शेजारी एक म्हातारा शिपाई बसला होता. दाढी वाढलेली, बनियन फाटका, काखेत कुबडी, चेहऱ्यावर जगातलं सगळं दुःख. मला वाटलं, अरेरे, या बिचाऱ्याला कोणी समजावून सांगणारं नव्हतं. तेवढ्यात हवालदारांचं नाव पुकारलं. दार अर्धवट उघडं होतं. आत टाचा जुळल्याचा असा आवाज झाला की व्हरांड्यातलं कबुतर उडालं.

"कैसा है, जवान?"

"बिलकुल ठीक, साब!"

मी म्हाताऱ्याला कोपर मारून म्हटलं, "आमचा माणूस."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "गेला तुमचा माणूस, साहेब."

"कुठे?"

"कामातनं."

पुढच्या महिन्यात निकाल आला. पायात समाधानकारक सुधारणा, सबब पेन्शन बंद. निर्णय मान्य नसल्यास ठरलेल्या मुदतीत अपील करावं. मी तो कागद वहिनींना वाचून दाखवला. त्या वेळी त्या बांगडे साफ करत होत्या. सुरी खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "भावजीनु, तुम्ही तेंका बोर्डाक धाडलात की लग्नाक?"

हवालदार कोपऱ्यात बसले होते, पाय सरळ पुढे काठीसारखा. म्हणाले, "तू बाबूक बोला नको. सायबान इचारल्यान, कसो आसस. सायबापुढे काय रडगाणा गातत?"

"पाय वाकणा नाय ता सांगूचा होता!"

"तेनी पायाचा खंय इचारल्यानी? माका इचारल्यानी."

यावर वहिनींनी बांगड्याचं डोकं असं उडवलं की मी माझ्या खोलीत निघून गेलो.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर निभावलं असतं. पण चूक निस्तरण्याची मला भारी हौस. घाटकोपरला माजी सैनिकांच्या पेन्शनीचं काम बघणारी एक छोटी कचेरी होती. अपील तिथेच द्यायचं. आता साधा माणूस काय करील? सरळ आत जाईल. पण मी पडलो हापिसातला. आमच्या कंपनीचं खोकं गोदीतून सुटायचं ते एजंटाच्या हातून, वीजजोडणी व्हायची ती एजंटाच्या हातून, साहेबांच्या कुत्र्याचा परवानासुद्धा एजंटानं आणलेला. कचेरीत सरळ शिरणारा माणूस मला चपला घालून देवळात शिरणाऱ्यासारखा वाटे. तेव्हा मी चार ठिकाणी चौकशी केली आणि हवालदारांना घेऊन थेट कप्तानाच्या टेबलाशी गेलो.

हा कप्तान कोणत्याही फौजेत कधीच नव्हता. लढाईच्या काळात तो छावणीला कांदे पुरवायचा, आणि त्या कांद्यांच्या बळावर त्यानं बढती घेतली होती. खाकी हाफपँट, खाकी टोपी, आणि कचेरीच्या फाटकाबाहेर झाडाखाली टेबल, टेबलावर टाइपरायटर. आलेल्या प्रत्येक जवानाला तो एकच गोष्ट सांगे. माझ्या हातून आल्याशिवाय आत कागद घेत नाहीत. जवानांना ते पटे, कारण फौजेत सगळंच कोणाच्या तरी हातून जातं. मला तर ते सांगण्याआधीच पटलं होतं.

"बसा, हवालदार, बसा," कप्तान म्हणाला. "गुडघा ना? असे गुडघे मी किती उठवून उभे केलेत! डिस्चार्ज बुक आणलंय? द्या इकडे. ते काम होईपर्यंत माझ्याकडे राहील. सुरक्षित."

डिस्चार्ज बुक म्हणजे पलटणीतून सुटताना मिळालेलं पुस्तक. नोकरी, जखम, सगळं त्यात. हवालदारांनी ते देताना माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आणि इथं सही करा. स्टँपपेपर आहे. मजकूर मागाहून भरतो, आमच्या टायपिस्टला ताप आलाय."

"फी किती?" हवालदार म्हणाले.

"अहो, फी कसली, किरकोळ! काम झाल्यावर. तुमच्याकडून आगाऊ घेईन का मी?"

हवालदारांनी कोऱ्या कागदाच्या तळाशी सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. माझ्या सहीखाली मी एक झोकदार रेघ मारतो. ती मी त्या दिवशी नेहमीपेक्षा लांब मारली.

महिना उलटत आला. कप्तानाकडून काही निरोप नाही. घरभाड्यासाठी वहिनींनी कानांतल्या कुड्या काढून गहाण ठेवल्या, आणि मी त्यांच्या कानांकडे बघायचं टाळू लागलो. एके दिवशी वहिनी घाटकोपरला त्यांच्या चुलत बहिणीकडे गेल्या होत्या. संध्याकाळी परत आल्या त्या सरळ आमच्या दारात.

"भावजीनु, मी त्या कचेरीत जावन इलंय."

"कप्तानाकडे?"

"नाय. आत."

"आत?" मी उभाच राहिलो. "अहो वहिनी, तुम्ही सरळ आत गेलात?"

"मगे? दार उघडा होता."

माझ्या आईनं आतून खोकल्याचा आवाज केला. तो खोकला नव्हता.

वहिनींनी सांगितलं ते असं. खिडकीत एक चष्मेवाला कारकून बसला होता. त्याला त्यांनी विचारलं, आमच्या ह्यांचा कागद आला का? तो म्हणाला, कसला कागद? त्याच्याकडे काही आलेलं नव्हतंच. मग त्यानं सांगितलं की अपील साध्या कागदावर चालतं, त्याला एक पैसाही लागत नाही, सोबत डिस्चार्ज बुक पाहिजे, आणि मुदत महिनाअखेरीला संपते. वहिनींनी त्याला कप्तानाबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, या खिडकीतून मला फक्त समोरची भिंत दिसते. लोक येत नाहीत, तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांचं बरं चाललं असेल."

दुसऱ्या दिवशी मी हापिसात पोटात दुखतं म्हणून कळवलं आणि हवालदार, वहिनी आणि मी असे तिघे कप्तानापुढे उभे राहिलो. आजूबाजूला झाडाच्या पारावर पाचसहा जवान बसले होते. मान खाली घालून, आपला नंबर येण्याची वाट बघत.

"पुस्तक द्या," हवालदार म्हणाले.

कप्तानानं खणातून स्टँपपेपर काढला. टायपिस्टचा ताप उतरला होता. कागद वरपासून खालपर्यंत भरलेला होता. थकलेल्या रकमेतला निम्मा भाग, आणि पुढे हयात असेपर्यंत दर महिन्याच्या पेन्शनीतला निम्मा भाग, कप्तानाचा. तोवर डिस्चार्ज बुक त्याच्या ताब्यात. त्याखाली हवालदारांची सही, आणि त्याखाली माझी. रेघेसकट.

मी तो मजकूर मोठ्यानं वाचत होतो. रेघेपाशी आल्यावर मी कागद टेबलावर ठेवला.

 हवालदारांनी काठीनं आपल्या डाव्या गुडघ्यावर टकटक केलं, दारावर करावं तसं. "ह्या गुडघ्यात लोखंड घुसला तेव्हा तू खंय होतंस रे?"

"हवालदार, व्यवहार आहे हा..."

"खंय होतंस? मी चिखलात पडललंय. बाजूक दोघे जण मेलले. तेंच्यात तू नाय दिसलंस. आणि आता माझ्या पायात निम्मो हिस्सो मागतंस? खंयचो निम्मो? वरचो की खालचो?"

पारावरचा एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. कप्तानानं कागद घडी करून खणात टाकला. "पुस्तक पाहिजे तर फी मोजा. नाहीतर अपिलाची मुदत आहेच किती?"

"एक कवडी देवचंय नाय," हवालदार म्हणाले, आणि निघाले.

यानंतर मी जे केलं ते सांगू नये असं आईचं मत होतं, पण आता ती नाही, आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी ठरवलं की कप्तानाला धाक घालायचा. चाळीतल्या एका ओव्हरसियरची साहेबी सोला हॅट आणि कोट मागून आणला. आरशासमोर इंग्रजीत सराव केला. दोन दिवसांनी मी त्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो आणि वरून आलेला तपासनीस असल्याच्या थाटात इंग्रजीचा एक भला मोठा परिच्छेद एका दमात म्हणून दाखवला. कप्तानानं तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला. मग हॉटेलच्या पोऱ्याला हाक मारली.

"साक्षीदारसाहेबांना चहा आण रे. टोपी छान आहे, साहेब. साखर किती सांगू?"

मी म्हणालो, "जरा जास्त."

आणि खरं सांगतो, बसून प्यायलो. 

हवालदारांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बाबू, तू भेष बदलून गेलंस. चोर जाता तसो. मी जातंय तो उघड जातलंय." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "माझा स्टूल खंय हा?"

रातपाळी संपवून, तोंडावर पाणी मारून, हवालदार घाटकोपरला गेले आणि कप्तानाच्या टेबलासमोर, रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसले. काठी उभी धरून. अंगात तो खळीचा गणवेश. मी शनिवारी अर्धी सुट्टी मिळाल्यावर पोचलो तेव्हा त्यांचा पहारा दुसऱ्या दिवसात होता.

कोणी माजी जवान टेबलाकडे वळला की हवालदार बसल्या जागेवरून गरजत, "थम! हुकुमदार!"

ती पहारेकऱ्याची जुनी आरोळी, कोण येतंय असं दरडावून विचारणारी. फौजेत राहिलेल्या माणसाच्या अंगात ती रक्तासारखी मुरलेली असते. हातात पिशवी घेतलेला, पोट सुटलेला, म्हातारा झालेला जवानसुद्धा जागच्या जागी ताठ थांबे आणि त्याच्या तोंडून आपसूक निघे, "दोस्त!"

"दोस्त, आगे बढो! दार उघडा हा, खिडकी आत हा, कागदाक पैसो लागणा नाय. पुस्तक कोणाच्या हातात देव नको!"

आणि दोस्त आगे बढत. थेट आत. कप्तान टेबलामागून ओरडे, "अरे, परत पाठवतील! माझ्याकडे या!" पण हुकुमाच्या आवाजापुढे कांद्याच्या आवाजाचं काय चालणार?

कप्तानानं हवालदाराला बोलावलं. म्हणजे पोलीस हवालदाराला. तो रोजचा चहा त्याच टेबलावर घेणारा, तेव्हा आला तो तोऱ्यातच.

"ए, ऊठ. इथं बसायचं नाही."

"फुटपाथ कोणाचो?" आमच्या हवालदारांनी विचारलं.

"सरकारचा."

"पाय सरकारी कामात गेललो. तो सरकारच्या फुटपाथार ठेवलंय. उठयचो तर तूच उठय."

पोलिसानं तो पसरलेला ताठ पाय पाहिला. मग छातीवरची पदकं पाहिली. त्यानं कप्तानाला विचारलं, "तुझ्या टेबलाचं लायसन कुठाय?" कप्तान म्हणाला, "असं काय करता, साहेब, रोजचे आपण!" पोलीस चालू लागला. त्या दिवशी त्यानं चहा घेतला नाही, एवढंच. पण पारावरच्या लोकांनी ते बघितलं.

मलाही एक काम मिळालं. पारावर बसून अपिलं लिहायची. माझं पहिलं अपील खिडकीतून परत आलं. चष्मेवाला कारकून स्वतः बाहेर आला, बहुधा कित्येक वर्षांनी, आणि डोळ्यांवर हात धरून उजेडात म्हणाला, "हे कोणी लिहिलं? यात 'रणांगणाची तप्त वाळू' आहे, 'वीरमातेचे अश्रू' आहेत, आणि जवानाचा नंबर नाही. नंबर लिहा, जखम लिहा, काय मागणं आहे ते लिहा. अश्रू आम्ही घालतो." तिथून पुढे मी अश्रू वगळले.

त्यानंच टेबलाकडे बोट करून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आणि ऐका, पेन्शन गहाण टाकता येत नाही. विकता येत नाही. तिच्यात कोणाला हिस्सा लिहून दिला तरी तो कागद फुकट. सरकारचा कायदा आहे." मग कप्तानाकडे बघून म्हणाला, "अच्छा, हे असतात होय बाहेर!" आणि आत गेला.

सोमवारी खारदांड्याचा एक कोळी आला. लढाईत तो जहाजावर होता, हाताची बोटं गमावून आलेला. हवालदारांनी आरोळी दिल्यावर त्यानं "दोस्त" म्हटलं, आत जाऊन काम केलं, आणि बाहेर येऊन हवालदारांच्या शेजारी उभा राहिला. "तू रातचा जागा हायस ना? जरा डोला मिट. पहारा मी देतंय." मग पारावरचे आणखी दोघे उठले. पाळ्या लागल्या. ज्यांची पुस्तकं कप्तानाच्या खणात होती ते टेबलाभोवती उभे राहू लागले.  नुसते उभे, रांगेत, एक हात अंतर ठेवून.

महिना संपायच्या आदल्या दिवशी कप्तानानं खण उघडला आणि सगळी पुस्तकं टेबलावर ओतली. "घ्या! घेऊन जा तुमची ब्याद!" मग हवालदारांकडे बघून, "पण तुमचा स्टँपपेपर माझ्यापाशी आहे, विसरू नका. साक्षीदारासकट."

अपील मुदतीत गेलं. आता राहिला बोर्ड. पुन्हा तोच व्हरांडा, तेच डॉक्टर असण्याची शक्यता, आणि साहेबापुढे रडगाणं गाणार नाही म्हणणारे आमचे हवालदार. घरी वहिनी डॉक्टर होऊन सराव घेत. "कैसा है, जवान?" त्या लाटणं उगारून विचारत, आणि हवालदारांच्या तोंडून "बिलकुल" एवढं निघेच. वहिनी कपाळावर हात मारत. मग एका दुपारी ताट वाढताना थांबल्या, आणि म्हणाल्या, "तुमका खोटा बोलूचा नाय. तक्रार पण सांगूची नाय. मगे बोलूच नका. आत गेल्यार सलाम करा, आणि जेवाक बसतास तसे खाली बसा. बस!"

त्या वेळी माझा सल्ला कोणी विचारला नाही, म्हणून काम झालं.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. हवालदार आत गेले, टाचा जुळवल्या, सलाम केला. साहेबानं विचारलं, "कैसा है?" हवालदारांनी उत्तर दिलं नाही. काठी भिंतीला टेकवली आणि फरशीवर खाली बसायला लागले. उजवा पाय दुमडला. डावा सरळ पुढे गेला, टेबलाखाली, तो साहेबाच्या खुर्चीला लागला. मधेच ते एका कुशीवर आपटले. साहेब म्हणाला, "अरे, अरे, उठो!" हवालदारांनी उठायचा प्रयत्न केला. हात फरशीवर रोवले, मान लाल झाली, घाम फुटला, पण उठता येईना. शेवटी बोर्डावरचे दोन मोठे साहेब खुर्च्या सोडून आले आणि त्यांनी दोन बाजूंनी बखोटीला धरून त्यांना उभं केलं. त्यांतल्या एकानं वाकून तो गुडघा स्वतःच्या हातानं दाबून पाहिला. या खेपेला प्रश्न गुडघ्याला विचारला गेला.

बाहेर आल्यावर हवालदारांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, दुखलं असेल. ते म्हणाले, "बाबू, सायबान माका हात लावन उचलल्यान रे. काय ही लाज!"

पेन्शन सुरू झाली. थकलेली रक्कमही आली, सगळीच्या सगळी. वहिनींच्या कुड्या सोडवून आणल्या, आणि त्याच आठवड्यात कप्तान आमच्या चाळीचा जिना चढून आला. हातात स्टँपपेपर. गॅलरीत माणसं गोळा झाली.

"हवालदार, काम तर झालं. करार करार असतो. निम्मं नको, चतकोर द्या."

"नाय."

"दरमहाचं सोडा. एकदाच, चहापाण्यापुरतं."

"नाय."

"निदान स्टँपपेपरची किंमत? तो तर मी माझ्या पैशानं आणलाय!"

"कागद तुझो, किंमत तुझी. माझी नुसती सही हा तेच्यार. ती तुका फुकट दिलंय. ठेव."

मग तो माझ्याकडे वळला. "साक्षीदारसाहेब, ही सही तुमची ना? कोर्टात हो म्हणावं लागेल. कंपनीत कळलं तर नोकरीवर येईल हां."

 मी गॅलरीचा कठडा घट्ट धरला. "सही माझी. रेघही माझीच. चला कोर्टात. मी सांगेन, सही केली तेव्हा कागद कोरा होता, आणि मी मूर्ख होतो. दुसरं सिद्ध करायला साक्षीदार लागले तर ही सगळी चाळ येईल."

"आम्ही येऊ!" माझी आई आतून ओरडली.

"आणि नोकरीचं म्हणाल, तर माझी नोकरी तुम्ही पाहिलेली नाही. ती गेली तर कंपनीला कळायला आठवडा लागेल."

कप्तान जिना उतरला. कोर्टात तो गेला नाही, जाणार नव्हताच. घाटकोपरचं टेबलही उठलं. पण अशी माणसं धंदा सोडत नाहीत, झाड बदलतात. थोड्याच दिवसांत खारदांड्याचा तो कोळी निरोप घेऊन आला की अंधेरीला एका कचेरीबाहेर तीच खाकी टोपी बसलेली दिसली.

"आपलं काम तर झालं," मी म्हणालो.

हवालदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट चपला घातल्या.

अंधेरीला पोचलो तेव्हा रस्त्यापलीकडे टेबल दिसलं. टेबलापुढे एक जवान उभा होता, एक बाही रिकामी, खिशात खोचलेली. उरलेल्या हातात पेन होतं, पुढ्यात कागद, आणि इतक्या लांबूनही मला दिसलं की कागद कोरा आहे. मधून बस येत होती. हवालदारांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. काठी आडवी करून रस्त्यात उतरले, ताठ पाय फेकत. करकचून ब्रेक लागला. बस थांबली, मागची टांगागाडी थांबली, ड्रायव्हर खिडकीतून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला, आणि मी दोन्ही हात जोडून त्याची माफी मागत मागत, हवालदारांच्या मागोमाग, पलीकडे गेलो.